वेतोबाला टेबलावर बसवण्याआधी

चि. सायली,

तुझं पत्र पोचलं. पुण्याच्या खोलीत टेबलावर वेतोबाचं चित्र मांडलंस, रात्री दिवा लावून त्याच्याशी बोलतेस, चिठ्ठ्या टाकून होय-नाही विचारतेस, हे ऐकून तुझी आई हबकली आहे. मी हबकलो नाही. पण ‘मामा, असं चालतं का?’ असं तूच विचारलंस, म्हणून लिहितो.

आधी आपण हाक कोणाला मारतोय ते ठरव. प्रेतात शिरून विक्रमराजाला कोडी घालणारा वेताळ हा गोष्टीतला. अकराव्या शतकात सोमदेवाने त्या गोष्टी कथासरित्सागरात गुंफल्या. त्या वेताळाशी मनातल्या मनात हवं तितकं बोल, कोणाचं काही जात नाही. आपल्या वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीचा वेतोबाही वेताळच, पण वेगळा. तो गावाचा राखणदार. रात्री तो फेरी मारतो, चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा. म्हणून लोक नवस फेडायला चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा आणि केळीचे घड घेऊन येतात. वहाणांचे झिजलेले तळ दाखवणारी माणसंही भेटतील. तळ कशाने झिजले यावर मी वाद घालत बसत नाही. या देवाला गावाने काम नेमून दिलंय, एवढं त्या वहाणांवरून कळतं. तुझ्या खोलीत त्याला काय काम आहे?

दुसरं, आपल्याकडे देवापुढे गाऱ्हाणं घालतात ते आठव. एकजण मोठ्याने मागणं म्हणतो आणि जमलेले सगळे ‘व्हय म्हाराजा’ करतात. चारचौघांत उच्चारायची लाज वाटेल असं मागणं तिथे तोंडातूनच निघत नाही. कौलाचंही तेच. देवाला पाकळ्या लावतात, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार, आणि मानकरी समोर बसून बघत असतात. तुझ्या चिठ्ठ्यांना साक्षीदार कोण? एकटीने विचारत राहिलं की कधी ना कधी मनासारखी चिठ्ठी निघतेच, आणि मग आपलीच इच्छा आपण देवाच्या नावावर खपवतो.

तिसरं, देण्याघेण्याचं. राखणदाराला वर्षाची राखण द्यावी लागते, कोणी नारळ देतो, कोणी कोंबडा. घरातलं माणूस मुंबईला असलं तरी राखण चुकू नये म्हणून म्हाताऱ्यांची केवढी धडपड असते, हे तू पाहिलं आहेस. बोललेलं फेडायचं, हा इथला पहिला नियम. तेव्हा परीक्षेच्या आदल्या रात्री भलतंसलतं कबूल करू नकोस. कोणाचं वाईट व्हावं म्हणून तर देवाचं नावही घेऊ नकोस.

शेवटचं जरा दटावून सांगतो. हे सगळं स्वतःपुरतं ठेव. मैत्रिणीला ‘तुला बाधा आहे’, ‘मी विचारून सांगते’ असलं काही बोलू नकोस, पैसे तर घेऊच नकोस. महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा घरातल्या पूजेच्या आड येत नाही, पण अंगात दैवी शक्ती असल्याचं भासवून लोकांना फसवणं, घाबरवणं हा त्याखाली गुन्हा आहे. आणि झोप उडाली, कानात आवाज येऊ लागले, तर देवाला विचारत बसू नकोस. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि आईला फोन कर.

दिवा लाव, नमस्कार कर, त्याला माझी हरकत नाही. चिठ्ठ्या मात्र आजपासून बंद. नोकरी घ्यायची की पुढे शिकायचं, हे विचारायला आई आहे, तुझे शिक्षक आहेत, मी आहे. मे महिन्यात ये, आपण आरवलीला जाऊ. तिथे जे मागायचं असेल ते सगळ्यांदेखत मोठ्याने माग.

तुझा,
मामा