शेतावरील विक्रीकेंद्राची नकाशावर बिनचूक नोंद

शेतमाल पिकविणे हे जसे शेतकऱ्याचे काम आहे, तसेच तो योग्य गिऱ्हाइकाच्या हाती पोहोचविणे हेही त्याचेच काम आहे. सोलापूर जिल्ह्यातील पुष्कळसा माल बाजार समितीच्या आवारात अडत्यामार्फत विकला जातो, आणि मोठ्या प्रमाणावरील मालासाठी तीच वाट सोयीची आहे. परंतु मालाचा काही भाग शेताच्या बांधावरच विकता येतो. सांगोल्याकडील डाळिंब, मंगळवेढ्याची ज्वारी, रोपवाटिकेतील रोपे, घरचा गूळ आणि थंडीच्या दिवसांतील हुरडा ही त्याची परिचित उदाहरणे आहेत. अशा विक्रीत मधली साखळी कमी असल्याने भाव ठरविणे काही अंशी शेतकऱ्याच्या हाती राहते. अडचण एवढीच की, गिऱ्हाइकाला शेत सापडले पाहिजे.

पूर्वी हमरस्त्यावर पाटी लावली म्हणजे काम भागत असे. आजचा प्रवासी मात्र पाटी शोधण्याआधी हातातील मोबाईलवर नकाशा पाहतो. पंढरपूर, अक्कलकोट आणि तुळजापूर या तीर्थक्षेत्रांमुळे सोलापूरच्या रस्त्यांवर परगावच्या माणसांची ये-जा बारमाही असते. या माणसांना येथील वाड्यावस्त्यांची माहिती नसते. नकाशा जे सांगेल तेच त्यांना ठाऊक असते. म्हणून नकाशावरील नोंद ही विक्रीकेंद्राची दुसरी पाटी होय, आणि ती बिनचूक ठेवणे हे विक्रीच्या कामाचेच एक अंग आहे.

नोंद म्हणजे काय?

गुगल कंपनीचा नकाशा २००५ सालापासून चालू आहे. त्यावर दुकानदाराला आपल्या व्यवसायाची नोंद करता यावी म्हणून २०१४ साली ‘गुगल माय बिझनेस’ ही सोय सुरू झाली. २०२१ सालापासून तिला ‘गुगल बिझनेस प्रोफाइल’ असे म्हणतात. या नोंदीत व्यवसायाचे नाव, ठिकाण, प्रकार, वेळा, दूरध्वनी क्रमांक, छायाचित्रे आणि गिऱ्हाइकांचे अभिप्राय एकत्र दिसतात. नोंदीसाठी कंपनी पैसे घेत नाही.

एखाद्याने ‘हुरडा’ किंवा ‘डाळिंब रोपवाटिका’ असा शोध घेतला असता कोणाचे नाव वर यावे, हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते. पहिली, विचारलेल्या वस्तूशी नोंद कितपत जुळते. दुसरी, शोधणाऱ्यापासून ते ठिकाण किती दूर आहे. आणि तिसरी, ते ठिकाण लोकांना कितपत परिचित आहे. यांपैकी अंतर बदलणे कोणाच्या हाती नाही. पहिली व तिसरी गोष्ट मात्र बिनचूक माहितीने आणि चांगल्या व्यवहाराने सुधारता येते. पैसे घेऊन नाव कायमचे पहिल्या क्रमांकावर आणून देतो, असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. जाहिरातीची सोय वेगळी असते, व तेथे जाहिरात असल्याचे स्पष्ट लिहिलेले असते.

ठिकाणाची खूण

ज्याला लोक ‘लोकेशन’ म्हणतात ती नकाशावरील खूण चुकली, तर बाकीची सर्व माहिती निरुपयोगी ठरते. शेतजमिनीच्या बाबतीत ही चूक सहज होते. गट क्रमांक नकाशाला कळत नाही. गावाचे नाव घातले असता खूण बहुधा गावठाणात पडते, आणि वस्ती तर गावठाणापासून दोन-तीन किलोमीटरवर असते.

याचा परिणाम हुरड्याच्या उदाहरणावरून ध्यानात येईल. समजा, पुण्याच्या एका कुटुंबाने सकाळी अकरा वाजता येण्याचे ठरविले आहे. कणसे त्याच सकाळी खुडावी लागतात, आगटी वेळेवर पेटवावी लागते, आणि भाजलेला हुरडा गरम असतानाच खावा लागतो. ही मंडळी चुकीच्या खुणेमागे जाऊन कालव्याच्या कडेच्या वाटेवर तासभर अडकली, तर इकडे आगटी विझते, चोळलेला हुरडा वाया जातो, आणि पाहुणे रागावून परत फिरतात. त्यात पिकाचा किंवा पाहुणचाराचा काहीही दोष नसतो.

म्हणून खूण शेताच्या मधोमध न ठेवता, जेथे गाडी वळून आत येते त्या फाटकावर ठेवावी. त्यासाठी मोबाईल घेऊन प्रत्यक्ष फाटकापाशी उभे राहावे आणि उपग्रहाच्या चित्रात विहीर, झाड किंवा शेड ओळखून खूण सरकवावी. नंतर गावाबाहेरील एखाद्या माणसास केवळ नकाशाच्या आधारे मोटारीने येण्यास सांगावे. तो न विचारता फाटकाशी पोहोचला, तरच खूण बरोबर आहे असे समजावे. जेथे घरक्रमांक किंवा रस्त्याचे नाव नाही, तेथे नकाशातील ‘प्लस कोड’ उपयोगी पडतो. अक्षरे व अंक मिळून झालेला हा छोटा संकेत जागेचा पत्ताच असतो. तो नोंदवहीत लिहून ठेवावा व गिऱ्हाइकास कळवावा.

नोंद करण्याची रीत

१. प्रथम नकाशावर आपल्या केंद्राचे नाव शोधावे. कोणी तरी पूर्वीच नोंद केलेली असण्याचा संभव असतो. तशी असल्यास नवी नोंद करू नये. आहे त्याच नोंदीवर मालकी सांगावी. तिची मालकी आधीच दुसऱ्याकडे असेल, तर त्याला मागणी पाठविता येते, व उत्तर देण्यास त्याला ३ दिवसांची मुदत असते. एकाच जागेच्या दोन नोंदी राहिल्या, तर अभिप्राय विभागले जातात आणि गिऱ्हाईक गोंधळते.

२. फलकावर जे नाव आहे तेच नोंदीत लिहावे. नावापुढे ‘सोलापुरातील सर्वांत स्वस्त’ यासारखे शब्द जोडणे नियमाविरुद्ध आहे, व त्यामुळे नोंद बंद पडू शकते.

३. व्यवसायाचा प्रकार ठरीव यादीतून निवडावा लागतो. एक मुख्य प्रकार आणि त्याखेरीज ९ पर्यंत इतर प्रकार देता येतात. जे काम खरोखर चालते तेवढेच प्रकार द्यावेत. रोपे विकणाऱ्याने भोजनालय असे लिहिल्यास जेवणासाठी आलेला माणूस निराश होऊन जाईल.

४. वर्णन ७५० अक्षरांपर्यंत लिहिता येते. त्यात कोणता माल, कोणत्या महिन्यांत, किमान किती घ्यावा लागतो आणि आधी कळवावे लागते काय, हे साध्या शब्दांत द्यावे.

५. शेवटी पडताळणी होते. ती दूरध्वनी, संदेश किंवा चित्रफीत यांपैकी कोणत्या मार्गाने व्हावयाची हे कंपनी ठरविते. चित्रफीत मागितल्यास ती न थांबता, एका दमात घ्यावी. प्रथम रस्ता व आसपासच्या खुणा, मग फलक, मग माल व अवजारे, आणि अखेर आपण चालक असल्याचा पुरावा, उदाहरणार्थ गोदामाचे कुलूप स्वतः उघडणे, असा क्रम ठेवावा. बँकेची कागदपत्रे तीत दाखवू नयेत.

जो शेतकरी माल घरपोच देतो, पण शेतावर गिऱ्हाईक घेत नाही, त्याने पत्ता झाकून केवळ सेवेची गावे नोंदवावीत. अशी २० पर्यंत क्षेत्रे देता येतात.

वेळा आणि हंगाम

शेतावरील विक्री हंगामावर चालते, ही गोष्ट शहरातील गिऱ्हाइकाच्या लक्षात नसते. हुरड्याचा काळ साधारणतः डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत असतो. एप्रिलमध्येही नोंदीवर ‘उघडे आहे’ असे दिसले, तर रिकाम्या शेताशी आलेला माणूस पुन्हा येत नाही, शिवाय प्रतिकूल अभिप्राय लिहून जातो. हंगाम संपताच नोंद ‘तात्पुरते बंद’ अशी करावी व पुढील हंगामापूर्वी पुन्हा उघडावी. हंगामी व्यवसायाचा फलक मात्र जागेवर वर्षभर कायम असावा लागतो.

सणावारांसाठी विशेष वेळा देण्याची सोय आहे. संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात सिद्धेश्वराची यात्रा भरते. आषाढी व कार्तिकी एकादशीस पंढरपूरचे रस्ते गजबजतात. अशा दिवसांतील वेळा आठवडाभर आधी भराव्यात.

छायाचित्रे

छायाचित्रे दिवसाच्या उजेडात घ्यावीत. पहिले छायाचित्र फाटकाचे व फलकाचे असावे, म्हणजे येणाऱ्यास जागा ओळखता येते. त्यानंतर माल, बसण्याची सावली, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह व गाड्या उभ्या करण्याची जागा यांची छायाचित्रे द्यावीत. दुसऱ्याच्या बागेची छायाचित्रे कधीही लावू नयेत. गिऱ्हाईक चित्र पाहून येते आणि प्रत्यक्षाशी ताडून पाहते.

‘सोलापूर डाळिंब’ आणि ‘मंगळवेढा ज्वारी’ यांना २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तथापि या मानांकनाचे चिन्ह वापरण्याचा हक्क अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी झालेल्या उत्पादकालाच असतो. तशी नोंदणी असल्यासच ते नोंदीवर झळकवावे.

अभिप्राय

संतुष्ट गिऱ्हाइकास अभिप्राय लिहिण्याची विनंती करण्यास हरकत नाही. परंतु अभिप्रायाच्या बदल्यात सवलत किंवा फुकट माल देणे, नातलगांकडून खोटी स्तुती लिहवून घेणे, अगर शेजाऱ्याच्या केंद्राविरुद्ध निंदा लिहविणे ही कामे नियमाविरुद्ध आहेत, व गावच्या सलोख्यासही घातक आहेत.

प्रतिकूल अभिप्राय मालकाला पुसता येत नाही; नियमबाह्य असल्यास कंपनीकडे तक्रार करता येते, आणि उत्तर मात्र नेहमीच देता येते. उत्तर थोडक्यात व नम्र असावे. ‘आपली सूचना योग्य आहे. गाड्यांच्या जागेजवळ सावलीची सोय केली आहे. पुन्हा अवश्य यावे,’ एवढे पुरते. हे उत्तर एका तक्रारदारासाठी नसून पुढे वाचणाऱ्या सर्वांसाठी असते. अर्थात, सोय प्रत्यक्ष केल्यावरच तसे लिहावे.

घ्यावयाची काळजी

नोंदीचे खाते शेतकऱ्याच्या किंवा त्याच्या घरातील माणसाच्या नावे असावे. गावातील जाणत्या तरुणाची मदत जरूर घ्यावी. मात्र मालकी त्याच्या खात्यावर राहू देऊ नये. तो पुढे नोकरीनिमित्त परगावी गेला, म्हणजे दूरध्वनी क्रमांक बदलणेही अशक्य होते. मदतनिसास व्यवस्थापक म्हणून वेगळे जोडता येते. सात-बारा उतारा दुसऱ्याच्या नावे करून कोणी शेती कसावयास देत नाही; तोच न्याय येथे लावावा.

पडताळणीचा संकेतांक कोणासही सांगू नये. ‘पैसे भरा, नाहीतर नोंद निघून जाईल’ असा दूरध्वनी आल्यास तो फसवणुकीचा समजून बंद करावा. नकाशावरील माहितीत बदल सुचविण्याची मुभा कोणालाही असते. म्हणून महिन्यातून एकदा आपली नोंद स्वतः उघडून नाव, खूण, वेळा व क्रमांक तपासावेत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

कार्यकर्त्यांनी एका गावात प्रथम एकच केंद्र निवडावे व त्याची नोंद पूर्ण करून दाखवावी. नोंदीत किती लोकांनी रस्ता विचारला व किती जणांनी दूरध्वनी केला, हे आकडे मिळतात. ते दरमहा वहीत उतरवून घ्यावेत, आणि शेजारच्या रकान्यात प्रत्यक्ष आलेली गिऱ्हाइके व विक्री लिहावी. रस्ता विचारणारे पुष्कळ आणि येणारे थोडे असतील, तर खूण, वाट किंवा वेळा यांत कोठे तरी दोष आहे असे समजून तो शोधावा. येणारे पुष्कळ, पण पुन्हा येणारे थोडे असतील, तर दोष नकाशात नसून मालात किंवा व्यवहारात आहे.

नकाशा गिऱ्हाइकाला फाटकापर्यंत आणून सोडतो. फाटकाच्या आत वजन चोख, माल ताजा आणि बोलणे गोड असेल, तर तेच गिऱ्हाईक पुढच्या हंगामात नकाशा न उघडता येते, आणि येताना आणखी चार माणसे बरोबर आणते.