फौजेचा पहारा आणि संगणकाचा पहारा

फौजेतून परतलेल्या मुलाला दुकानाच्या गल्ल्यावर बसवावे की एखाद्या कंपनीच्या फाटकावर उभे करावे, हे दोनच विचार आपल्या घरांत होतात. तिसरा मार्गही आहे. तो सायबर सुरक्षेचा, म्हणजे संगणक व त्यातील माहिती राखण्याचा.

हा प्रश्न आता कोवळ्या वयाचा झाला आहे. २०२२ साली अग्निपथ योजना सुरू झाली, तेव्हा चार वर्षांच्या नोकरीनंतर जास्तीत जास्त २५ टक्के जवानांना कायम करण्याची तरतूद होती. बाकीचे तिशीच्या आत सेवानिधी घेऊन घरी येणार.

बँका व मोठ्या कंपन्यांच्या संगणकांवर चोवीस तास, पाळीपाळीने नजर ठेवली जाते. कोण कोठून, किती वाजता आत आला याची नोंद यंत्र करते. तिला लॉग म्हणतात. ती तपासायची आणि संशय येताच वरिष्ठांना कळवायचे, हे पहिल्या पायरीचे काम. सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या २०२२ च्या आदेशानुसार सायबर हल्ल्याची खबर सहा तासांत द्यावी लागते आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. पहारा, रजिस्टर आणि वेळेवर रिपोर्ट यांची सवय जवानाला असतेच.

मात्र शिस्त हे भांडवल आहे, हुन्नर नव्हे. नुसते सूत आणल्याने ताका विणला जात नाही. सिग्नल्समधील जवानाला दळणवळणाची ओळख असते. पायदळातल्याला मुळापासून शिकावे लागेल. आधी नेटवर्क, मग लिनक्स, मग लॉग वाचणे आणि त्यानंतर ‘सिक्युरिटी प्लस’सारखी परीक्षा, असा क्रम ठेवावा. पूर्ण सेवा करून निवृत्त होणाऱ्यांसाठी पुनर्वसन महासंचालनालयाचे अभ्यासक्रम असतात. त्यांची चौकशी युनिट सोडण्यापूर्वीच करावी. सुरुवातीला पगार बेताचा, रात्रपाळी आणि वयाने लहान साहेब, हे सोसण्याची तयारी हवी.

‘नोकरीची हमी’ देऊन मोठी फी मागणाऱ्या क्लासमध्ये सेवानिधी ओतू नये. नमुना पाहिल्याशिवाय आपण माल उचलत नाही. तेथे शिकून नोकरीला लागलेल्या दोघा-तिघांना आधी समक्ष भेटावे.

दुसऱ्याची माहिती ही अमानत आहे. ती राखण्याची सवय असलेल्या मुलाला घरच्यांनी वर्षभर शिकण्याची सवड दिली, तर इन्शाअल्लाह तो हलाल रोजी कमावील.