कृत्रिम हिरवळ व जिवंत गवत

अमेरिकेंतील ह्यूस्टन येथील झांकलेल्या क्रीडागृहांत प्रकाशाअभावीं गवत मेलें, म्हणून १९६६ सालीं तेथें प्लास्टिकची हिरवळ अंथरण्यांत आली. तिला कापणी लागत नाहीं, हा गुण खरा. परंतु जिवंत गवत पानांवाटे वाफ सोडून जमीन थंड राखतें. प्लास्टिक उन्हांत खेळणाऱ्या मुलांचे पाय पोळण्याइतकें तापतें. शिवाय त्या हिरवळींत पसरलेला जुन्या टायरांचा चुरा पावसाबरोबर ओढ्यांत जातो व कुजत नाहीं. यासाठींच युरोपीय संघानें २०२३ सालीं नियम करून असल्या चुऱ्याची विक्री ऑक्टोबर २०३१ पासून बंद ठरविली आहे.

शेतकरीबंधूंनीं गांवच्या शाळेचें पटांगण हिरवें करतांना पावसाळ्याच्या आरंभीं हरळीच्या काड्या लावाव्या. शेतांत जी हरळी आपली वैरीण, तीच पटांगणांत मातीची धूप थांबविते.