आरोग्यविम्यातील खोटे दावे : संशय, तपास आणि पुरावा

सन १९८६ मध्ये देशातील चार सरकारी सर्वसाधारण विमा कंपन्यांनी 'मेडिक्लेम' ही पॉलिसी बाजारात आणली, तेव्हा आरोग्यविमा हा शहरी नोकरदारांपुरता विषय होता. महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी ८ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली व पुढे ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने राज्यभर चालू राहिली. २३ सप्टेंबर २०१८ रोजी केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेचा प्रारंभ झाला. आज शेतमजुराच्या घरातही विम्याचे कार्ड असते, ही समाधानाची गोष्ट आहे. या विस्ताराबरोबर खोट्या दाव्यांचा प्रश्नही वाढला. देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे नातेवाईक या तिघांचाही त्याच्याशी निकटचा संबंध असल्याने येथे त्याचा थोडा तपशिलात विचार केला आहे.

विम्याच्या व्यवहारात एक मूलभूत अडचण आहे. ज्याच्यावर उपचार होतात तो रुग्ण बिल भरत नाही आणि जो बिल भरतो त्याने रुग्णाला पाहिलेले नसते. दोघांच्या मध्ये केवळ कागद असतो. खोटेपणा शिरतो तो या कागदातूनच आणि सापडतोही बहुधा कागदातूनच.

खोट्या दाव्यांचे प्रकार अनेक आहेत. दुसऱ्याच्या कार्डावर उपचार घेणे किंवा पॉलिसी घेताना जुना मधुमेह लपविणे, हे रुग्णाकडून घडते. अनेक पॉलिसींत दाव्यासाठी किमान २४ तास दाखल असण्याची अट असते. म्हणून संध्याकाळी घरी गेलेला रुग्ण कागदोपत्री रात्रभर खाटेवर ठेवला जातो. साध्या वॉर्डातील रुग्ण अतिदक्षता विभागात दाखविणे, किरकोळ शस्त्रक्रियेसाठी मोठ्या शस्त्रक्रियेचे पॅकेज लावणे, हे रुग्णालयाकडून घडते. या सर्वांत पैशाची हानी होते. परंतु गरज नसलेली शस्त्रक्रिया केवळ दाव्यासाठी केली जाते, तेव्हा फसवणूक थेट रुग्णाच्या शरीरावर होते.

आता तपासाची पहिली पायरी संगणकाची असते. एकच व्यक्ती एकाच दिवशी दोन रुग्णालयांत दाखल दिसणे, मृत्यूची नोंद झालेल्या रुग्णाच्या नावे पुन्हा दावा येणे, एका शल्यचिकित्सकाच्या नावे एका दिवसात अशक्य वाटावे इतक्या शस्त्रक्रिया असणे, अशा विसंगती संगणक क्षणात दाखवितो. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी आयुष्मान भारत योजनेवरील अहवाल ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेपुढे ठेवला, त्यात अशी उदाहरणे विपुल आहेत. पूर्वीच मृत म्हणून नोंदल्या गेलेल्या ३,४४६ रुग्णांच्या नावे ३,९०३ दाव्यांपोटी ६.९७ कोटी रुपये दिले गेल्याचे त्यात नमूद आहे. सुमारे ७.५ लाख लाभार्थी ९९९९९९९९९९ या एकाच मोबाइल क्रमांकाशी जोडलेले आढळले. एकाच कालावधीत एकाहून अधिक रुग्णालयांत दाखल दिसणारे रुग्ण ४८ हजारांहून अधिक होते.

हे आकडे वाचून मन अस्वस्थ होते. तरीही प्रत्येक विसंगती म्हणजे लबाडी नव्हे, हे याच अहवालाभोवतीच्या खुलाशांवरून दिसते. मोबाइल क्रमांकाविषयी शासनाचे म्हणणे असे की लाभार्थ्याची ओळख त्या क्रमांकावरून पटविली जात नाही. अनेक गरिबांकडे मोबाइल नसल्याने नोंदणी करणाऱ्यांनी रकाना भरण्यापुरते दहा आकडे टाकले. एकाच वेळी दोन रुग्णालयांत दिसणाऱ्या काही रुग्णांबाबतचा खुलासा अधिक बोलका आहे. बाळंतीण एका रुग्णालयात आणि तिचे अशक्त बाळ दुसऱ्या रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता विभागात, परंतु बाळाचे स्वतंत्र कार्ड नसल्याने उपचार आईच्याच क्रमांकावर. सर्वच प्रकरणे अशी निरागस असतील असे मानण्याचे कारण नाही. पण केवळ संगणकाच्या इशाऱ्यावर असा दावा अडविला, तर काचेच्या पेटीतल्या बाळाचे उपचार अडतात.

म्हणून दुसरी पायरी केसपेपरची. अनुभवी तपासनीस डिस्चार्ज कार्ड शेवटी वाचतो, कारण ते सर्वांत शेवटी आणि सर्वांत सफाईने लिहिलेले असते. तो आधी परिचारिकांच्या नोंदी मागतो. ताप, नाडी, रक्तदाब यांचा दर काही तासांनी भरलेला तक्ता खऱ्या रुग्णाचा असेल तर त्यात चढउतार असतो, निरनिराळी हस्ताक्षरे असतात, एखादी खाडाखोडही असते. पाच दिवसांचा तक्ता एकाच शाईत, एकाच वळणाच्या अक्षरात आणि रोज तीच नाडी दाखवीत असेल, तर तो एका बैठकीत भरला असावा अशी शंका येते. मग शस्त्रक्रियागृहाचे रजिस्टर आणि भूलतज्ज्ञाची नोंद यांतील वेळा जुळतात का, औषधाच्या दुकानातून त्या बॅचचा माल खरोखर आला होता का, प्रयोगशाळेच्या वहीत नमुन्याचा क्रमांक आहे का, हे पाहिले जाते. स्टेंट किंवा कृत्रिम सांध्याच्या वेष्टनावरील चिकटपट्टीवर लॉट अथवा अनुक्रमांक छापलेला असतो; ती केसपेपरला लावलेली असावी लागते आणि खरेदीच्या बिलाशी जुळावी लागते. एक खोटी नोंद करणे सोपे आहे. तिला अनुरूप अशा दहा नोंदी दहा निरनिराळ्या विभागांत, दहा निरनिराळ्या हातांनी करविणे मात्र फार अवघड.

उपचार प्रत्यक्ष झाले, पण त्यांची गरज नव्हती, अशा प्रकरणात हा ताळाही अपुरा पडतो, कारण तेथे सर्व कागद जुळतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यातील बोरिसणा गावी आरोग्यशिबिर भरवून १९ जणांना अहमदाबादच्या एका खासगी रुग्णालयात नेण्यात आले. त्यांपैकी ७ जणांच्या हृदयवाहिन्यांत स्टेंट बसविले गेले आणि दोघे दगावले. सरकारी योजनेतील पैशासाठी हे केल्याचा आरोप ठेवून गुन्हे नोंदविण्यात आले. अशा वेळी अहवालावरील टक्केवारीवर विसंबता येत नाही. अँजिओग्राफीचे मूळ चित्रीकरण संबंध नसलेल्या हृदयरोगतज्ज्ञाला दाखवूनच अडथळा खरोखर किती होता हे ठरवावे लागते. म्हणून अशी चित्रफीत जपून ठेवणे हे रुग्णालयाच्या आणि रुग्णाच्याही हिताचे आहे.

धर्मादाय रुग्णालयांना या विषयाची आणखी एक बाजू लक्षात ठेवावी लागते. महाराष्ट्रात मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशानुसार ठरलेल्या योजनेत धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन व १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखावयाच्या आणि एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. एकाच रुग्णाचे एकच बिल या निधीतून, विमा योजनेतून आणि एखाद्या देणगीतूनही वसूल झाले, तर प्रत्येक कागद स्वतंत्रपणे खरा असूनही व्यवहार खोटा ठरतो. तिन्ही खात्यांच्या याद्या रुग्णाच्या नोंदणी क्रमांकानुसार शेजारी ठेवून पाहण्याचे काम विश्वस्तांनी आपल्या लेखापरीक्षकांकडून आवर्जून करवून घ्यावे. ते कंटाळवाणे आहे, पण फार खर्चाचे नाही.

आता नातेवाइकांविषयी. घाईच्या वेळी कोऱ्या फॉर्मवर सही मागितली जाते आणि भीतीपोटी ती दिलीही जाते. ती देऊ नये. खोटा दावा मंजूर झाला तर तितकी रक्कम कुटुंबाच्या त्या वर्षीच्या विम्यातून कमी होते आणि खरे आजारपण आले की कार्ड रिकामे निघते. शिवाय न झालेला आजार नोंदीत राहतो. याउलट, प्रामाणिक रुग्णावर 'फसवणूक' हा शिक्का बसला तर त्याचे परिणामही गंभीर असतात. पॉलिसी सलग ६० महिने चालू राहिल्यानंतर माहिती न दिल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही, अशी तरतूद २०२४ पासून आहे. परंतु फसवणूक सिद्ध झाल्यास हे संरक्षण लागू होत नाही. म्हणून नकाराचे कारण नेहमी लेखी मागावे.

कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडून समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे एक वर्षाच्या आत विनामूल्य तक्रार करता येते. मुंबई व पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. आयुष्मान भारत योजनेच्या लाभार्थ्यांसाठी १४५५५ हा क्रमांक आहे. दोन्ही ठिकाणी डिस्चार्ज कार्ड, अंतिम बिल, तपासण्यांचे अहवाल आणि बसविलेल्या उपकरणाच्या चिकटपट्टीची प्रत लागते. घरी जाण्यापूर्वीच ही कागदपत्रे रुग्णालयाकडून मागून घ्यावीत.