गाय गाभडली तर लपवू नकोस

बाय, गाय गाभडल्याचं फोनवर सांगितलंस आणि लगेच म्हणालीस, "सासूबाई म्हणतात नजर लागली, कुठं बोलू नको." गायीचं वाईट वाटलंच, पण पोटात गोळा आला तो तुझ्यासाठी. सातव्या महिन्यात गाभ टाकला, वार अडकली, आणि ती तू उघड्या हातांनी काढलीस! कोंडाण्यात गोठ्याचं सगळं बाईच्याच हातावर, हे मला ठाऊक आहे. म्हणून सांगते.

एवढ्या उशिरा गाभ पडला की आधी ब्रुसेलोसिसचा संशय घ्यायचा. दुसरं कारणही असू शकतं, पण ते रक्त तपासल्यावरच कळतं. डेन्मार्कच्या बर्नहार्ड बँग यांनी गायीत हा रोग करणारा जंतू १८९७ साली शोधला. तेव्हापासून ही नजर नाही, रोग आहे हे माहीत आहे. टाकलेला गाभ, वार, सोबतचं पाणी यांत जंतू खच्चून भरलेले असतात. हाताला साधी चीर असली तरी ते आत शिरतात. डोळ्यांतून, श्वासातूनही जातात.

आपल्याकडे रीत काय? वार चिकाच्या झाडाला टांगायची, दूध वाढतं म्हणे. गाभ ओढ्यात सोडायचा, तो खाली उल्हास नदीला जातो. हे दोन्ही आता नको. आपल्या राजमाचीच्या पायथ्याशी पावसाळाभर ऊन नाही, आणि ओलाव्यात, सावलीत हा जंतू कितीतरी दिवस टिकतो. कुत्रं ते ओढत दुसऱ्याच्या गोठ्यात नेतं. हातमोजे नसतील तर प्लॅस्टिकच्या पिशव्या हातांना बांध, तोंडावर फडकं घे, आणि गाभ, वार सगळं खोल खड्डा काढून चुना घालून पूर.

सगळ्यात फसवी गोष्ट पुढेच आहे. अशी गाय बहुधा एकदाच गाभडते. पुढच्या वेताला नीट विते आणि घरच्यांना वाटतं, संकट टळलं. पण तिच्या दुधातून आणि विण्याच्या वेळी जंतू पडतच राहतात. गायीसाठी त्यावर भरवशाचं औषध नाही. मग कुणीतरी म्हशाच्या जत्रेत तिला गुपचूप विकतं आणि दुसऱ्या एखाद्या घरात तुझ्यासारखीच बाई तिची वार काढते. हे पाप आपल्या हातून नको गं.

दूध उकळलं की जंतू मरतो, त्याची भीती बाळगू नकोस. पण पोराच्या तोंडात सडाची धार मारायची हौस आता बंद. चीकही कच्चा चाखायचा नाही. खरवस नीट शिजव. घरात कुणी पोटुशी असेल तर तिला अशा गायीच्या विण्याला फिरकूही देऊ नको, बाईचाही गर्भ यानं जाऊ शकतो. शेळ्या गाभडल्या तरी हेच पाळ; शेळीतला जंतू माणसाला जास्तच बाधतो.

आता तुझ्या तब्येतीचं. पुढच्या काही आठवड्यांत, कधी महिन्यांनीही, ताप येऊन-जाऊन राहिला, रात्री घामानं चोळी भिजली, कंबर-सांधे धरले, तर हिवताप म्हणून गोळ्या गिळत बसू नकोस. कर्जतला जा आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांग: "घरची गाय गाभडली होती, मी वार काढली." हे कानावर नसेल तर टायफॉईड, टीबी असं शोधत राहतात. माणसासाठी याचं औषध आहे, पण साधारण सहा आठवडे रोज घ्यावं लागतं; बरं वाटलं म्हणून मध्येच सोडलं तर ताप उलटतो.

आणि ती थोरली पाडी? गाई-म्हशींच्या चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना एकदाच टोचायची लस असते. २०१९ पासून केंद्राच्या कार्यक्रमात ती फुकट मिळते. गोऱ्ह्याला किंवा गाभण गायीला ती द्यायची नाही, आणि लस जिवंत जंतूची असल्यानं टोचायचं काम पशुवैद्यकाचंच. जनावरांच्या दवाखान्याच्या १९६२ या नंबरवर फोन कर, गाईचं रक्तही तपासून घ्यायला सांग. तोवर गाईला वेगळी बांध आणि तिच्याखालचं शेण-गवत तू हातानं गोळा करू नकोस. सासूबाईंना मी सांगते, फोन त्यांच्याकडे दे.