न जळणारी गिरणी

खडूची एक कांडी घ्या आणि दोन्ही टोकांकडून दाबून पाहा. ती सहजासहजी तुटत नाही. आता तीच वाकवा. ताडकन मोडते, कारण वाकताना तिच्या एका बाजूला ताण बसतो. बिडाच्या लोखंडाचा स्वभाव असाच आहे. दाब ते भरपूर सोसते, ताण मात्र थोडाच.

इंग्लंडमधील श्रूझबरी येथील जवसाच्या गिरणीत नेमका याच गोष्टीचा विचार करावा लागला. जवसाच्या खोडातून निघणाऱ्या तंतूंचे सूत तेथे काढीत. त्या काळी गिरण्यांचे मजले लाकडी असत. हवेत तंतूंची धूळ, फळ्यांत मुरलेले तेल आणि उजेडाला उघडे दिवे! मग आग लागायला किती वेळ? १७९६ साली जॉन मार्शल यांच्या लीड्‌सच्या गिरणीला आग लागली. हेच मार्शल श्रूझबरीतही भागीदार होते. तेथे चार्ल्स बेज यांनी १७९७ मध्ये पाच मजली विटांची इमारत उभी केली. खांब बिडाचे आणि तुळयाही बिडाच्या, अशी ही जगातील पहिली इमारत. आजच्या गगनचुंबी इमारतींची ती पूर्वज होय.

तुळईच्या तळाशी दोन्ही अंगांना तिरपे ओठ आहेत. त्यांवर विटांच्या बुटक्या कमानी टेकतात आणि कमानींवर वरच्या मजल्याची जमीन. वजनाने तुळई खाली वाकू पाहते तेव्हा ताण तळाला बसतो, आणि लोखंड तेथेच जास्त आहे. (लोखंड जळत नाही एवढेच खरे; फार तापले तर तेही दगा देते.) विटा नेहमीपेक्षा मोठ्या आहेत. त्या वेळी इंग्लंडात विटांवर कर होता, आणि तो नगावर!

१८८६ साली गिरणी बंद पडली. १८९७ नंतर तेथे सातूला मोड आणून माल्ट करू लागले. मटकीचे मोड तुम्ही घरी पाहिलेच आहेत. येथे भिजलेले धान्य जमिनीवर पसरून वरचेवर उलथीत. सूत कातायला उजेड हवा, मोडांना सारखा गारवा. म्हणून बऱ्याच खिडक्या विटांनी बुजवल्या गेल्या.

१९८७ मध्ये तेही काम थांबले. इमारत ओस पडली. गंमत अशी, की लोखंड शाबूत असताना भिंतींच्या आत घातलेले लाकूडच कुजत होते! मोठ्या दुरुस्तीनंतर २०२२ मध्ये ती पुन्हा उघडली. तळमजल्यावर आता प्रदर्शन आहे, वर कार्यालये. कचेरीत बसणाऱ्यांना पुन्हा उजेड हवा, तेव्हा बुजवलेल्या बऱ्याच खिडक्या पुन्हा फोडाव्या लागल्या.