तापीकाठची साथ : रोगजंतूंच्या वाटेचा एक धडा

सप्टेंबर १९९४ च्या अखेरच्या आठवड्यात सुरतेत प्लेग पसरल्याची वार्ता फुटली आणि भुसावळकडे येणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा उरली नाही. सुरतेच्या उधना, लिंबायत या भागांत, यंत्रमागांवर आणि साड्यांच्या छपाई कारखान्यांत, खान्देशातील असंख्य कुटुंबे पोटासाठी राहत होती, आजही राहतात. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव, जळगाव या स्थानकांवर ती माणसे बोचकी घेऊन उतरली. काही लाख लोकांनी त्या दिवसांत सुरत सोडली. या स्मरणिकेच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरात ती आठवण जिवंत असेल. घरी परतलेल्या आपल्याच माणसाला उंबऱ्याच्या आत घ्यावे की नाही, हा प्रश्न तेव्हा अनेकांपुढे उभा राहिला होता. त्याचे उत्तर जंतुशास्त्रापाशी होते. विज्ञानाचे शिक्षक या नात्याने तो धडा आम्ही येथे मांडत आहोत.

प्लेगचा जंतू एका सूक्ष्म काडीसारखा असतो. हजारेक जंतू ओळीने मांडावेत तेव्हा कोठे दीड-दोन मिलिमीटर लांबी भरते. रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर त्याची दोन्ही टोके गडद आणि मधला भाग फिका दिसतो. १८९४ मध्ये हाँगकाँगच्या साथीत अलेक्झांडर येर्सिन यांनी तो शोधला. त्यांच्याच नावावरून त्याला ‘यर्सिनिया पेस्टिस’ म्हणतात. जंतू सापडला, तरी तो माणसापर्यंत येतो कसा, हे कोडे सुटायला आणखी चार वर्षे लागली. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी उंदराच्या अंगावरील पिसवेकडे बोट दाखविले. आजारी उंदराचे रक्त प्यालेल्या पिसवेच्या अन्नमार्गात हे जंतू इतके वाढतात की तो मार्ग तुंबतो. रक्त पोटात उतरत नाही, भूक भागत नाही, म्हणून ती पुनःपुन्हा चावते आणि प्रत्येक चाव्याबरोबर तुंबलेले जंतू उलटून जखमेत सोडते. उंदीर मेला की त्याचे शरीर थंड पडते. मग पिसवा नवे ऊबदार शरीर शोधतात, आणि ते बहुधा घरातल्या माणसाचे असते. जांघेत, काखेत गाठ येते ती यामुळे. हा गाठीचा प्लेग एका माणसाकडून दुसऱ्याकडे सहसा जात नाही.

ही वाट ठाऊक नव्हती त्या काळाचे मोल महाराष्ट्राने फार मोठे मोजले आहे. १८९६ मध्ये मुंबईत शिरलेला प्लेग रेल्वेमार्गाने सर्वत्र पोहोचला. सरकारने घरे झडती घेऊन उपसली, माणसे ओढून छावण्यांत नेली. उंदीर मात्र मोकळेच राहिले. आमच्या मते त्या वेळी खेड्यातील अडाणी समजली जाणारी माणसे अधिक शहाणी ठरली. घरात उंदीर मरून पडू लागले की ती गाव सोडून रानात झोपड्या घालून राहत. कारण ठाऊक नसले, तरी त्यांचे निरीक्षण अचूक होते.

त्याच साथीत हडपसरजवळ सावित्रीमाई फुले यांनी डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा केली. मुंढव्याच्या आजारी मुलाला त्यांनी स्वतः उचलून आणले आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने त्यांचा अंत झाला. त्याच्या दोनच महिने आधी, १० जानेवारीला, मुंबईत डॉ. वाल्देमार हाफकिन यांनी आपण तयार केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. मांसाच्या सारावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून त्यांखाली ते जंतू वाढवीत आणि मग उष्णतेने मारीत. खान्देशापुरते सांगायचे, तर कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचा मुलगा ओंकार याला प्लेगने कायमचे अपंगत्व आले.

सुरतेचा प्लेग वेगळा होता. तेथे जंतू फुप्फुसांत उतरला होता. या प्रकारात पिसवेची गरज उरत नाही. खोकणाऱ्या रुग्णाच्या तोंडून उडणाऱ्या तुषारांतून तो जवळच्या माणसाला गाठतो. पहिल्या एक-दोन दिवसांत औषध मिळाले नाही, तर रुग्ण क्वचितच वाचतो. सुरतेत सुमारे पन्नास माणसे दगावली. भीतीला आधार होता, हे मान्य केलेच पाहिजे. तरीही गाड्या भरभरून माणसे आली आणि खान्देशात मोठी साथ उसळली नाही. कारण हा जंतू आजारी नसलेल्या प्रवाशाच्या कपड्यांतून, बोचक्यातून वा सावलीतून पसरत नाही. ज्याला ताप आहे, जो खोकतो आहे, त्याच्या हात-दोन हात अंतरावर धोका असतो. आणि टेट्रासायक्लिनसारखे स्वस्त औषध तेथेही उपयोगी पडते. तेव्हा परतलेल्या माणसाला घरात घ्यावे, काही दिवस त्याच्या तापावर लक्ष ठेवावे आणि खोकला दिसताच दवाखाना गाठावा, हे योग्य उत्तर होते.

सावलीचा उल्लेख आम्ही मुद्दाम केला. ज्या समाजाची सावलीदेखील विटाळ मानली गेली, त्याच्या मुलांनी जंतुशास्त्र शिकणे ही साधी गोष्ट नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे सहकारी पाणी प्याले. पुढे सनातन्यांनी तळे ‘शुद्ध’ करण्यासाठी शेण, गोमूत्र, दूध, दही यांनी भरलेल्या १०८ घागरी त्यात ओतल्या. आज पाण्याची तपासणी करताना प्रयोगशाळा प्रथम कोलिफॉर्म जंतू मोजते. माणसांच्या व जनावरांच्या विष्ठेत ते विपुल असतात आणि ते सापडले की पाणी पिण्यास अयोग्य ठरते. कोणी पाणी प्याले त्याने तळे बिघडले, की शेणाच्या घागरींनी, याचा निकाल कोणतीही प्रयोगशाळा देईल.

पाण्याविषयी आणखी एक गोष्ट. भिक्खूच्या आठ परिष्कारांत पाणी गाळण्याचे वस्त्र, परिस्सावन, आहे. त्या नियमामागे पाण्यातील लहान जिवांविषयीची करुणा होती. तथागतांना जंतू ठाऊक होते असा दावा आम्ही करणार नाही आणि तशी गरजही नाही. पण २००३ मध्ये रिटा कॉलवेल यांनी बांगलादेशातील एक अभ्यास प्रसिद्ध केला. जुन्या साडीच्या निदान चार घड्यांतून पाणी गाळणाऱ्या गावांत पटकी जवळजवळ निम्म्याने घटली. पटकीचा जंतू स्वतः कापडाच्या छिद्रांतून सहज जातो. परंतु तो पाण्यातील बारीक जलचरांना चिकटून असतो आणि ते जलचर कापडावर अडकतात. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आले, तर गाळणे ही पहिली पायरी आहे, उकळणे ही दुसरी. जुलाब लागलेल्या मुलाला उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून घोटघोट पाजत राहावे. चमचा चहाचा घ्यावा.

प्रतिजैविकांविषयी मात्र पालकांशी थोडे स्पष्ट बोलावे लागेल. सुट्टीनंतर मुले वसतिगृहात परततात तेव्हा अनेकांच्या पेटीत मागच्या आजारातील उरलेल्या गोळ्या असतात. सर्दी बहुधा विषाणूमुळे होते, आणि विषाणूवर या गोळ्यांचा काहीही परिणाम होत नाही. परिणाम होतो तो शरीरातील इतर जंतूंवर. त्यांतील दुबळे मरतात, औषधाला दाद न देणारे उरतात, त्यांची संख्या वाढते, आणि एकाच दालनात झोपणाऱ्या चाळीस मुलांत ते पसरायला वेळ लागत नाही. १९९४ मध्ये जे स्वस्त औषध उपयोगी पडले, त्यासारखी औषधे अशाने हळूहळू निकामी होत आहेत. म्हणून पेटी भरताना उरलेल्या गोळ्या वगळाव्यात. मुलाचे औषध चालू असेल, तर डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ते गृहपालांच्या हाती द्यावे आणि किती दिवस द्यायचे ते चिठ्ठीवर लिहून घ्यावे.